घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर बाहेरच्या मित्रांना सापडत नाही तेव्हा: समस्या निवारण

लक्षणे बहुतेक वेळा अशी असतात. ज्या संगणकावर सर्व्हर सुरू आहे त्यावरून खेळात शिरता येते, त्याच घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही शिरता येते, पण दुसऱ्या घरातून जोडू पाहणारा मित्र बराच वेळ ताटकळतो आणि शेवटी त्याला ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश मिळतो. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे: आठ-दहा दिवस सगळे सुरळीत चालते, मग एखाद्या दिवशी वीज जाऊन येते किंवा कोणीतरी राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो आणि कोणतीही सेटिंग न बदलता बाहेरच्या सगळ्यांचा प्रवेश एकदम थांबतो. तिसऱ्या प्रकारात राउटरमध्ये सांगितलेले सारे काही केलेले असते, एकदा नव्हे तर चारदा तपासलेले असते, आणि तरीही बाहेरून एकदाही कोणी आत येऊ शकलेले नसते.

मित्रमंडळी आणि नातेवाईक यांच्यासाठी मी असे सर्व्हर अनेकदा उभे करून दिले आहेत आणि हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. त्यातून माझी एक ठाम समजूत झाली आहे: लोक बहुधा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. ते आधी राउटर उघडतात, कारण प्रत्येक मार्गदर्शिकेत ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. प्रत्यक्षात सर्व्हरच्या संगणकापासून सुरुवात करून एकेक पायरी बाहेर सरकावे आणि मागची पायरी सिद्ध झाल्याशिवाय पुढची चाचपू नये. खालचा क्रम तसाच, सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जाणारा आहे. तो माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी लिहिला आहे, पण पोर्टचा (म्हणजे संगणकावरच्या क्रमांकित दाराचा) क्रमांक बदलला की घरी चालवल्या जाणाऱ्या बहुतेक खेळांच्या सर्व्हरला तो लागू पडतो.

आधी संदेश नीट वाचावा

मित्राला ‘जोडले जात नाही’ एवढेच सांगू देऊ नये, पडद्यावरचा संदेश अक्षरशः मागवावा. यासाठी काहीच खर्च येत नाही आणि निम्मे निदान तिथेच होते.

‘अननोन होस्ट’ म्हणजे पत्त्याचे नावच चुकले आहे, किंवा त्या नावावरून आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा जाळ्यावरचा अंकी पत्ता, शोधता आलेला नाही. अशा वेळी सर्व्हरकडे पाहण्याचेही कारण नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे विनंती कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नसल्यामुळे त्या यंत्राने स्पष्ट नकार दिला. हा नकार सर्व्हर बंद असलेल्या संगणकाचा असू शकतो, तसाच पोर्ट पुढे पाठवण्याचा नियम नसलेल्या राउटरचाही असू शकतो. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही. विनंती वाटेत गडप झाली, आणि असे गडप करणे हे बहुधा फायरवॉलचे (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकरी प्रोग्रामचे), चुकीच्या पत्त्याचे किंवा सेवा पुरवठादाराच्या जाळ्याचे काम असते. ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ या दोन संदेशांतला फरक मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण नकार मिळाला तर निदान रस्ता काही अंतरापर्यंत शाबूत असल्याचे कळते.

आवृत्ती जुनी असल्याचा, व्हाइटलिस्टमध्ये (प्रवेशाची मुभा असलेल्या खेळाडूंच्या यादीत) नाव नसल्याचा किंवा वापरकर्त्याचे नाव पडताळता न आल्याचा संदेश आला असेल, तर जाळे पूर्णपणे ठीक आहे. मित्र सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचला आहे आणि दुरुस्ती खेळाच्या सेटिंगमध्ये करायची आहे. इथे राउटरला हात लावणे म्हणजे चालू असलेली गोष्ट बिघडवणे होय.

एक प्रश्न इथेच विचारून घ्यावा: मित्र कोणत्या उपकरणावर खेळतो? फोन, टॅबलेट आणि कन्सोल यांवर बेडरॉक आवृत्ती चालते, आणि ती जावा सर्व्हरशी आपोआप जोडली जात नाही. त्यासाठी गायझर यासारखा दुभाषा सर्व्हरवर बसवावा लागतो. शिवाय जावा सर्व्हर टीसीपीच्या २५५६५ या पोर्टवर ऐकतो, तर बेडरॉक यूडीपीच्या १९१३२ वर; टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. घरातल्या मुलाला टॅबलेटवरून जोडता येत नाही म्हणून संध्याकाळभर राउटरशी झगडणारी माणसे मी पाहिली आहेत.

सर्व्हर खरोखर सुरू आहे का

काळ्या खिडकीत ओळी धावताना दिसल्या म्हणजे सर्व्हर सुरू झाला असे नव्हे. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर लिहीत असलेल्या नोंदींत, ‘डन’ या शब्दाने सुरू होणारी, किती सेकंद लागले ते सांगणारी ओळ आली पाहिजे. ती आली नसेल तर कारण त्याच्या वर लिहिलेले असते. पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हर ‘यूला’ नावाची फाइल तयार करून थांबतो आणि त्यातल्या ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरे नेहमीचे कारण जावाची जुनी आवृत्ती हे आहे: खेळाच्या १.१७ आवृत्तीला किमान जावा १६ लागते, १.१८ पासून १७ आणि १.२०.५ पासून २१. लॉगमध्ये ‘क्लास फाइल व्हर्जन ६५.०’ असा उल्लेख दिसला तर सर्व्हर जावा २१ मागत आहे, आणि ६१.० दिसले तर जावा १७. तिसरे कारण म्हणजे ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’. आधीचा सर्व्हर नीट बंद न होता मागे चालू राहिलेला असतो, किंवा ‘सर्व्हर.प्रॉपर्टीज’ या फाइलमधल्या ‘सर्व्हर-आयपी’ या ओळीत कोणीतरी पत्ता लिहिलेला असतो. ही ओळ रिकामीच ठेवावी. अनेक जण तिथे आपला सार्वजनिक पत्ता लिहितात, पण तो पत्ता संगणकाचा नसून राउटरचा असल्यामुळे सर्व्हरला तो घेताच येत नाही.

संगणक झोपी जातो का, हेही इथेच पाहावे. संध्याकाळी चालणारा सर्व्हर रात्री उशिरा ‘टाइम्ड आउट’ देऊ लागला तर लॅपटॉपची वीजबचत हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

यानंतर त्याच संगणकावर खेळ उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहून जोडून पाहावे. ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण यात राउटर, वायफाय, इंटरनेट यांपैकी काहीच मध्ये येत नाही. इथेच अपयश आले तर बिघाड सर्व्हरमध्ये आहे आणि या लेखाचा पुढचा भाग तूर्त बाजूला ठेवावा.

घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून

विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन संगणकाचा घरातला पत्ता पाहावा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तार किंवा वायफाय आधी दुरुस्त करावे. पत्ता ठीक असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवरून त्या पत्त्याशी जोडून पाहावे. तो लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर नसावा, कारण तिथली यंत्रे सहसा घरातल्या इतर यंत्रांना पाहू शकत नाहीत.

लोकलहोस्ट चालते, पण घरातल्या पत्त्यावरून जोडता येत नाही, असे असेल तर संशय फायरवॉलवर घ्यावा. इथे एक बारकावा आहे आणि त्याने मला सुरुवातीच्या काळात फार वेळ गुंतवून ठेवले होते. सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोज जावाला परवानगी द्यायची का असे विचारते. ती चौकट घाईत रद्द केली तर ‘अडवा’ असा नियम तयार होऊ शकतो. नंतर आपण २५५६५ साठी ‘येऊ द्या’ असा नियम कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी उपयोग होत नाही, कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगी देणाऱ्या नियमावर मात करतो. म्हणून आत येणाऱ्या नियमांची यादी उघडून त्यात जावाच्या नावाने अडवणाऱ्या नोंदी आहेत का ते आधी पाहावे, त्या काढाव्यात आणि मगच टीसीपी २५५६५ साठी नवा नियम करावा. प्रोग्रामच्या नावाने केलेल्या नियमापेक्षा पोर्टच्या क्रमांकाने केलेला नियम मी पसंत करतो, कारण जावाची नवी आवृत्ती बसवल्यावर तिची फाइल वेगळ्या जागी जाते आणि जुना नियम निरुपयोगी होतो.

राउटर बदलल्यावर विंडोज नव्या जाळ्याला ‘सार्वजनिक’ ठरवते आणि ‘खासगी’ जाळ्यापुरता असलेला नियम लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. वेगळे अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. निदानासाठी फायरवॉल पाच मिनिटे बंद करून पाहणे मी चूक मानत नाही, मात्र फरक पडो वा न पडो, ती लगेच पुन्हा सुरू केलीच पाहिजे.

मित्राला कोणता पत्ता दिला आहे

१९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. ते जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतात आणि बाहेरून त्यांचा काहीही उपयोग नसतो. १२७.०.०.१ हा पत्ता तर प्रत्येक संगणकासाठी ‘मी स्वतः’ असाच अर्थ घेऊन येतो. मित्राला राउटरचा सार्वजनिक पत्ता द्यावा लागतो. आपला पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ तो सांगते. हा पत्ता बऱ्याच जोडण्यांमध्ये अधूनमधून बदलतो. म्हणून कालपर्यंत चालणारा पत्ता आज चालत नसेल तर आधी तो पुन्हा पाहून घ्यावा. वारंवार बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस सेवा घ्यावी, म्हणजे मित्रांना एक कायमचे नाव देता येते.

राउटर आणि त्याची विसरभोळी वही

आता राउटर उघडण्याची वेळ आली. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम एवढेच सांगतो की बाहेरून २५५६५ वर आलेली टीसीपी विनंती घरातल्या अमुक पत्त्याकडे पाठवावी. नियमातला पत्ता आणि ‘आयपीकॉन्फिग’ने दाखवलेला पत्ता अंकाअंकाने जुळवून पाहावेत.

सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या लक्षणाचे, म्हणजे काही दिवसांनी अचानक बंद पडण्याचे, मूळ शंभरात नव्याण्णव वेळा इथेच असते असे माझे मत झाले आहे. घरातले पत्ते राउटर डीएचसीपी या पद्धतीने ठरावीक मुदतीसाठी वाटतो. तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला, किंवा संगणक बरेच दिवस बंद राहिला, की तोच पत्ता मिळेल याची खात्री नसते. काल जो पत्ता सर्व्हरकडे होता तो आज एखाद्या फोनकडे जातो, आणि राउटर मात्र नियम पाळत सगळ्या मित्रांना इमानेइतबारे त्या फोनकडे पाठवत राहतो. नियम दिसायला अगदी बरोबर असतो, म्हणूनच तो पाहून कोणाच्या काही लक्षात येत नाही.

उपाय कायमचा आहे: राउटरच्या डीएचसीपी विभागात सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (जोडणीच्या यंत्रभागाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी) एक आयपी पत्ता राखून ठेवावा. हे करताना दोन गोष्टी जपाव्यात. तारेची जोडणी आणि वायफाय यांचे मॅक पत्ते वेगळे असतात, त्यामुळे ज्या जोडणीने सर्व्हर चालणार आहे तिचाच मॅक पत्ता नोंदवावा. माझा सल्ला तारेचाच राहील. आणि वायफायच वापरायचे असेल तर त्या जाळ्यापुरती यादृच्छिक मॅक पत्ता देण्याची सुविधा बंद करावी, नाहीतर राखीव जागा कोणाची हे राउटरला ओळखता येणार नाही.

यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घेऊ देणारी सोय, सुरू करून सगळे आपोआप होईल, असा सल्ला दिला जातो. मी तो देत नाही. माइनक्राफ्टचा मूळ सर्व्हर स्वतःहून त्याचा वापर करत नाही, आणि घरातले इतर कोणतेही उपकरण मात्र आपल्याला न विचारता पोर्ट उघडू शकते. ‘डीएमझेड’मध्ये संगणक टाकणे तर याहून वाईट, कारण त्यामुळे एका पोर्टऐवजी सगळा संगणकच बाहेरच्या विनंत्यांसमोर उघडा पडतो.

चाचणी बाहेरूनच करावी

स्वतःच्या घरातून स्वतःचा सार्वजनिक पत्ता वापरून जोडता येत नाही म्हणून घाबरू नये. विनंती बाहेर जाऊन त्याच राउटरने परत आत यावी यासाठी राउटरमध्ये वेगळी सोय लागते आणि ती सर्व राउटरमध्ये नसते. या एका गैरसमजापोटी बरोबर असलेली मांडणी मोडून टाकलेली मी पाहिली आहे. लॅपटॉप फोनच्या मोबाइल डेटावर जोडून चाचणी करावी, म्हणजे ती खऱ्या अर्थाने बाहेरची होते. पोर्ट तपासणारी संकेतस्थळेही चालतात, मात्र तपासताना सर्व्हर सुरू असला पाहिजे. सर्व्हर बंद असताना योग्य रीतीने उघडलेला पोर्टही बंदच दिसतो.

सार्वजनिक पत्ता आपला आहे का

इथवर सगळे बरोबर असूनही बाहेरून ‘टाइम्ड आउट’च येत असेल, तर राउटरच्या स्थितिदर्शक पानावर त्याला मिळालेला इंटरनेटकडचा पत्ता पाहावा आणि पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळाने सांगितलेल्या पत्त्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर उत्तम. वेगळे असतील तर राउटर आणि इंटरनेट यांच्यामध्ये आणखी एक पत्ता बदलणारे यंत्र बसलेले आहे.

राउटरला मिळालेला पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते यंत्र बहुधा घरातच आहे: सेवा पुरवठादाराने दिलेले उपकरण स्वतःही राउटरचे काम करत असते आणि त्याच्यामागे आपण आपला दुसरा राउटर जोडलेला असतो. दोनपैकी एकाला ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट या पद्धतीत (पत्ते न बदलता केवळ जोडणी पुढे देणाऱ्या) ठेवावे, किंवा दोन्हींवर साखळीने फॉरवर्डिंग करावे. पहिला मार्ग अधिक टिकाऊ आहे.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर आपण कॅरियर ग्रेड नॅटच्या, म्हणजे पुरवठादाराच्याच पत्ता बदलणाऱ्या यंत्राच्या, मागे आहोत, आणि १० ने सुरू होणारा पत्ताही बहुधा तेच सुचवतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. त्यांचे शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये विभागीय संस्थांना वाटून झाले, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा हा टप्पा सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. त्यामुळे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो, आणि बाहेरून आलेली विनंती त्यांतल्या कोणाची हे ठरवणारा नियम आपल्या राउटरमध्ये नव्हे, पुरवठादाराच्या यंत्रात असावा लागतो. एक सावधगिरी: टेलस्केल हा दूरच्या संगणकांचे खासगी जाळे बनवणारा प्रोग्राम याच टप्प्यातले पत्ते वापरतो, म्हणून संगणकावर दिसणारा १०० चा पत्ता पाहून निष्कर्ष काढू नये. राउटरच्या पानावरचाच पत्ता प्रमाण मानावा.

कॅरियर ग्रेड नॅट निश्चित झाले की राउटरची दुरुस्ती तिथेच थांबवावी. तिसऱ्या लक्षणाचे कारण बहुधा हेच असते, आणि आपल्या घरातली कोणतीही सेटिंग ते दूर करू शकत नाही. मार्ग चार उरतात. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागता येतो. दोन्ही बाजूंना आयपीची सहावी आवृत्ती असेल तर त्या पत्त्याने थेट जोडता येते, मात्र राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यापुरता पोर्ट उघडावा लागतो. टेलस्केल किंवा झिरोटियर यांनी सगळ्या मित्रांचे एक खासगी जाळे करता येते. आणि शेवटी, भाड्याचा सर्व्हर घेता येतो. पाच-सात ओळखीच्या माणसांसाठी मी खासगी जाळ्याचाच मार्ग सुचवतो: पोर्ट उघडावाच लागत नाही आणि अनोळखी माणसाला दारही दिसत नाही. प्रत्येकाला एक प्रोग्राम बसवावा लागतो एवढीच त्यातली अडचण आहे, आणि वयस्कर नातेवाइकांसाठी ते काम एकदा शेजारी बसून करून द्यावे.

पोर्ट उघडला असेल तर

उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात, त्यामुळे पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणून सर्व्हर गुप्त राहत नाही. व्हाइटलिस्ट सुरू ठेवावी. खेळाडूची ओळख पडताळणारी ‘ऑनलाइन-मोड’ ही सेटिंग कधीही ‘फॉल्स’ करू नये, कारण मग कोणीही चालकाचे (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेल्या खेळाडूचे) नाव धारण करून आत येऊ शकतो. दूरस्थ आज्ञांसाठीचा २५५७५ हा आरकॉन पोर्ट बाहेर उघडू नये, कारण त्यावरून जाणारा पासवर्ड कूटबद्ध नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा नुसत्या गप्पांच्या चौकटीत लिहिलेल्या ओळीने सर्व्हरवर परका प्रोग्राम चालवता येत होता. ती १.१८.१ मध्ये दुरुस्त झाली. त्याहून जुनी आवृत्ती चालवायचीच असेल तर तिच्यासाठी सांगितलेली दुरुस्ती केल्याशिवाय पोर्ट उघडू नये.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

राउटरचा पासवर्ड पुरवठादाराकडेच असेल, किंवा फॉरवर्डिंगचे पान बंद करून ठेवलेले असेल, तर राउटर मूळ स्थितीत आणण्याचे बटण दाबू नये. जोडणीची माहिती पुसली जाऊन घरातले सगळे इंटरनेट बंद पडू शकते. पुरवठादाराच्या तंत्रज्ञालाच सांगावे. जाळे वसतिगृहाचे, कार्यालयाचे किंवा इमारतीचे सामायिक असेल तर ते सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय एकही पोर्ट उघडू नये. सर्व्हरच्या लॉगमध्ये अनोळखी व्यक्तीला चालकाचे अधिकार मिळालेले दिसले, किंवा संगणकावर आपण न बसवलेले प्रोग्राम चालू आढळले, तर तार काढावी, फॉरवर्डिंगचा नियम पुसावा आणि संगणक पुन्हा जाळ्यात आणण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावा.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी पाच गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात: संगणकाचा घरातला पत्ता, राउटरच्या पानावरचा पत्ता, संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता, मित्राला आलेला संदेश अक्षरशः, आणि तो कोणत्या वेळी आला. ‘खेळ चालत नाही’ असे सांगितले तर समोरचा राउटर बंद करून सुरू करा असे म्हणेल. ‘राउटरला १००.६४ च्या टप्प्यातला पत्ता मिळाला आहे आणि मला बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी सार्वजनिक पत्ता हवा आहे’ असे सांगितले तर तक्रार ती सोडवू शकणाऱ्या माणसाकडे जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.